दोन हजार तीनशे चाळीस ओळींची चोरी

१

गठ्ठा हातात घेतला आणि तो हलका लागला.

मी बावीस वर्षं गिरणीच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासलेला माणूस. तागा उचलला की वारभर कमी असला तरी हाताला कळायचं. संपात गिरणी गेली, हात तेच राहिले. म्हणून सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी सकाळी प्रिंटरमधून निघालेला कागदांचा गठ्ठा उचलला, तेव्हा मोजायच्या आधीच कमी असल्याचं हाताला कळलं. मोजले. एकशे चौदा कागद. मागच्या गुरुवारी एकशे त्रेपन्न होते.

आमची कंपनी अक्षांश सिस्टिम्स. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर दोन गाळे, खाली साबणाचा कारखाना. माझ्याकडे फ्लॉप्यांचं कपाट. मागेल त्याला वहीत सही घेऊन फ्लॉपी द्यायची, परत आली की जागेवर ठेवायची आणि दर गुरुवारी सगळा प्रोग्रॅम छापून साहेबांच्या टेबलावर द्यायचा. प्रोग्रॅम कसा लिहितात ते मला तेव्हा कळत नव्हतं, आजही विचारू नका. मुलुंडच्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीसाठी तो होता, एवढं ठाऊक. रक्ताची कुठली पिशवी कधी भरली, कधीपर्यंत चालेल, हे तो सांगणार होता. सोमवारी तो तिथं बसवायचा होता.

मालक अनंत वैशंपायन. हुशार माणूस, पण मोजण्याचा फार नाद. भिंतीवर फळा लावला होता. त्यावर तिन्ही प्रोग्रॅमरांची नावं आणि पुढं रोज कोणी किती नव्या ओळी लिहिल्या त्याचा आकडा. ज्याच्या ओळी जास्त त्याला बढती. जुन्या ओळी दुरुस्त करत बसला त्याच्यापुढं शून्य.

साहेबांनी गठ्ठा पाहिला, शेवटच्या पानावरचा आकडा पाहिला आणि चष्मा काढला.

"तोरसकर, नऊ हजार एकशे चाळीस ओळी होत्या. आता सहा हजार आठशे आहेत. दोन हजार तीनशे चाळीस ओळी गेल्या कुठं?"

"मला काय माहीत, साहेब?"

"चोरीला गेल्या! आतल्याच माणसानं घात केलाय."

मग त्यांनी पहिलं पान माझ्यापुढं सरकवलं. कोणी काही बदल केला की त्या पानावर तारीख आणि स्वतःच्या नावाची आद्याक्षरं टाकायची, असा कंपनीचा नियम. सगळ्यात वर कालची तारीख होती आणि तीन इंग्रजी अक्षरं. एस. जी. टी.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

"सहदेव गोपाळ तोरसकर," मी म्हणालो, आणि ती तीन अक्षरं पुन्हा वाचली.

२

"तुम्हाला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, हे मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, तुम्ही कुणाला तरी कपाटाची किल्ली दिलीत आणि त्यानं वर तुमचं नाव टाकून मजा केली. कोण ते सांगा."

"मी किल्ली कुणाला दिली नाही."

"मग शोधून काढा. शनिवारी चार वाजेपर्यंत नाव द्या. नाहीतर मी पोलिसांत जातो आणि तुम्ही घरी जा."

मागच्या आठवड्याची कॉपी कपाटात होती, त्यामुळे प्रोग्रॅम वाचला असता. पण चोर घरातच बसलेला असताना साहेबांना झोप कुठून येणार? आणि मला? वाकोल्याला खोली, बायको, बारावीला बसलेला मुलगा. एक नोकरी गेल्यावर साडेतीन वर्षं मी काय काय केलं ते माझं मला ठाऊक. ही दुसरी घालवायची नव्हती. चोर म्हणून तर मुळीच नाही.

वही उघडली. बुधवारी फ्लॉपी तिघांनीही नेली होती. सकाळी चंद्रप्रकाश नार्वेकर, दुपारी लवू परब, चहानंतर अनुपमा राणे. तिघांच्या सह्या जागच्या जागी. तिघांपैकी एकाचीही आद्याक्षरं एस. जी. टी. होत नव्हती. त्या दिवसापासून मी तिघांकडेही वेगळ्या नजरेनं बघायला लागलो, आणि खरं सांगतो, नजर एकदा बिघडली की समोरच्याचं खोकणंसुद्धा खोटं वाटतं.

पहिला धरला चंद्रप्रकाश. फळ्यावर कायम पहिला असणारा पोरगा. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवायचा नियम होता, तर हा त्या भिंतीवर आपटून काढत होता.

"काका, माझी वाट लावली कोणीतरी! चौदाशे ओळी माझ्या होत्या त्यातल्या. बढती गेली ना माझी!"

"कसल्या ओळी होत्या?"

"पिशवी कधीपर्यंत चालणार त्या तारखेच्या. जिथं तारीख लागली तिथं मी ते सगळं परत लिहायचो. अकरा ठिकाणी आहे."

"तेच तेच? अकरा वेळा?"

तो जरा ओशाळला. "मग काय करणार? साहेब ओळी मोजतात, मी ओळी देतो." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "पण एक सांगू? सकाळपासून चालवून बघतोय. एवढ्या ओळी गेल्यात, तरी प्रोग्रॅम झकास चालतोय यार. हे काय भूत आहे?"

पाकीट मारलं आणि पैसे आतच राहिले, अशातली ही गत. मला चंद्रप्रकाशचा जास्तच संशय आला. एवढा रागावलेला माणूस एवढं बारीक निरीक्षण कशाला करेल?

३

लवू परब कंपनी सोडून चालला होता. वांद्र्याच्या एका कंपनीत त्याचं ठरलंय, हे साहेब सोडून सगळ्यांना माहीत. जाताना घाण करून जाणारी माणसं मी गिरणीत पाहिली होती. शुक्रवारी सकाळी त्याला खालच्या उडप्याकडे चहाला नेलं आणि सरळ विचारलं.

तो हसला. "काका, मला चोरायचंच असतं तर मी कॉपी मारून नेली असती. तुमच्या कपाटात एक ओळ कमी झाली नसती. पुसून काय मिळणार मला?"

बोलणं पटण्यासारखं होतं. म्हणूनच मला ते आवडलं नाही. पढवून आणलेलं उत्तर असंच गुळगुळीत असतं.

"मग कोणी केलं असेल?"

"कोणी ते नाही माहीत. पण हे एका दिवसाचं काम नाही. एवढ्या ओळी काढायच्या आणि प्रोग्रॅम चालू ठेवायचा म्हणजे पंधरा दिवस तरी बसायला लागतं. बुधवारी नुसतं आणून ठेवलं असेल." चहाचा ग्लास त्यानं बाजूला सारला. "फळा बघा ना. पंधरा दिवस ज्याच्या नव्या ओळी कमी, तो दुसरंच काहीतरी करत होता."

वर येऊन फळा पाहिला. चंद्रप्रकाश रोज सव्वाशे, दीडशे. लवू तीस, चाळीस. अनुपमासुद्धा तीस, चाळीस. चंद्रप्रकाश सुटला. लवू स्वतःच्याच सांगण्यात अडकला, आणि ते त्याला कळत नसेल असं मला वाटेना. मग मला फळ्याकडे पाठवून हा काय साधत होता?

अनुपमा राणे कंपनीत येऊन दीड वर्ष झालं होतं. लग्न झाल्यावर आठच दिवसांत लागलेली, घाटकोपरहून यायची. कमी बोलणारी. कामापुरतं बोलून परत पडद्याकडे तोंड करणारी. मी विचारलं तेव्हा तिनं मानही वळवली नाही.

"काका, ओळी गेल्या म्हणून सगळे ओरडतायत. त्या जाऊन नुकसान काय झालं, हे कोणी पाहिलं का?"

"तुम्ही पाहिलंत?"

तिचे हात थांबले. क्षणभरच. "मी फक्त विचारलं," ती म्हणाली आणि पुन्हा टाइप करायला लागली.

लपवत होती. शंभर टक्के लपवत होती. पण एस. जी. टी. कुठं बसत होतं? तिचं नाव अनुपमा शिवदास राणे. वहीत तीच सही, हजेरीत तीच, पगाराच्या कागदावर तीच. लवूच्या नावात तर यातलं एकही अक्षर नव्हतं. ती तीन अक्षरं या ऑफिसात एकाच माणसाची होती, आणि तो मी होतो.

दुपारी डबा खायला बसलो तर फोनवर बसणारी जयंती करवादली होती. "एक म्हातारा आहे, तोरसकर, दर आठवड्याला फोन करतो. शकुला बोलवा म्हणतो. इथं शकु कोणी नाही म्हटलं तर भांडतो! म्हणे माझी पोरगी तिथंच कामाला आहे. बायका इथं दोनच, मी आणि अनुपमा. कांजूरमार्गच्या कुठल्या दुकानातून बोलतो कोण जाणे."

मी हो हो केलं. माझं लक्ष भाजीत नव्हतं आणि तिच्या बोलण्यातही नव्हतं.

४

शनिवारी सकाळी वाकोल्याला माझ्या दारात पोस्टमन उभा. हातात निळं आंतर्देशीय.

"तोरसकर, ही रुक्मिणी कोण? पत्ता तुमचा आहे. नाहीतर परत पाठवतो."

"आमच्याकडे रुक्मिणी कोणी..." मी म्हणत होतो, एवढ्यात बायको हात पुसत बाहेर आली आणि तिनं ते पत्र त्याच्या हातातून जवळजवळ ओढलंच.

"अवो, ता माझा नाव! भावान धाडल्यान. तेका शेवंती लिवूक कधी सुचला नाय."

चोवीस वर्षं संसार केला तिच्याशी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मीच शेवंती असं लिहिलं होतं, आणि तिचं आधीचं नाव मी पार विसरून गेलो होतो. लाज वाटली मला. पोस्टमन हसत गेला. मी मात्र दारातच उभा राहिलो, कारण डोक्यात जयंतीचा तो म्हातारा भांडायला लागला होता. माझी पोरगी तिथंच कामाला आहे.

चहा तसाच टाकून ऑफिस गाठलं. जयंतीला म्हटलं, तो फोन आला की मला दे. साडेअकराला आला.

"शकु खंय असा?" घोगरा आवाज.

"बाबा, तुमचं नाव काय?"

"गुणाजी तुळसकर. कांजूरमार्गाक रवतंय. माझा चेडू थंय कामाक असा, तुमी नाय कित्याक म्हणतास?"

शकुंतला गुणाजी तुळसकर. एस. जी. टी. "बाबा, शकुचा सासरचा नाव काय?"

"ता माझ्या जिभेर येना नाय." म्हातारा थोडा थांबला. "अनुपमा."

मी फोन ठेवला. पंधरा दिवस कमी ओळी, थांबलेले हात, आणि आता नाव. सगळं जागेवर बसलं होतं. साहेबांच्या केबिनपर्यंत बारा पावलं होती. जायचं, तीन शब्द बोलायचे आणि मोकळं व्हायचं. मी उठलोसुद्धा.

पण एक टोचत होतं. चोरी करणारा माणूस आपलं खरं नाव लिहून ठेवतो का? आणि प्रोग्रॅम चालत का होता? सदोष कापड मी कधी नुसत्या संशयावर बाजूला टाकलं नव्हतं. उजेडासमोर धरल्याशिवाय नाही. मी साहेबांकडे गेलो, पण नाव दिलं नाही.

"चार वाजता सगळ्यांना बोलवा," म्हणालो. "आणि मी काय करतो त्यात मध्ये बोलू नका."

५

चार वाजता सगळे साहेबांच्या खोलीत. मी मागच्या आठवड्याच्या जुन्या फ्लॉप्या टेबलावर ठेवल्या.

"चोर काही सापडला नाही," मी म्हणालो. "तेव्हा मुलुंडला सोमवारी या जुन्या फ्लॉप्या जातील. दोन हजार तीनशे चाळीस ओळींसकट. साहेब, फ्लॉपी बाहेर जाते आहे, वहीत सही करा. काही झालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची."

साहेबांनी पेन काढलं. मी चंद्रप्रकाशकडे पाहत नव्हतो, लवूकडेही नाही.

"साहेब, त्या देऊ नका," अनुपमा म्हणाली.

"का?"

"त्यानं माणूस मरेल."

ती उठली, जुनी फ्लॉपी घेऊन कॉम्प्युटरशी गेली. आम्ही सगळे चपला काढून तिच्या मागे उभे. रक्ताच्या पिशव्या दोन जातींच्या असतात, असं तिनं सांगितलं. जुन्या पिशवीत रक्त एकवीस दिवस टिकतं, नव्या पिशवीत पस्तीस. मग तिनं जुन्या जातीच्या एका पिशवीची नोंद केली, अठ्ठावीस दिवसांपूर्वी भरलेली. रोजच्या यादीच्या पानावर पडदा म्हणाला, टाकून द्या. तिनं तातडीच्या मागणीचं पान उघडलं. तीच पिशवी. पडदा म्हणाला, द्या.

"तारखेचा हिशोब अकरा ठिकाणी लिहिलाय," ती म्हणाली. "नऊ ठिकाणी पिशवीची जात विचारलीय. दोन ठिकाणी विसरलेत. मी अकराही काढून एकाच जागी लिहिला. जिथं लागेल तिथं तिथूनच घ्यायचा. म्हणजे उद्या नियम बदलला तर एकाच जागी हात लावायचा. बाकीच्या ओळी नकोच होत्या."

"मला का नाही सांगितलंस?" साहेबांचा आवाज चढला.

"जानेवारीत सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, जुनं उकरायला वेळ नाही, आज नवीन किती झाल्या ते सांग. मग मी नव्या ओळी कमी केल्या आणि हे केलं."

"आणि ते नाव?"

तिनं खाली पाहिलं. "राणे लिहिलं असतं तर माझ्यापुढं वजा दोन हजार तीनशे लागले असते. घरी सासरे रोज विचारतात, आज कितवा नंबर. पण खोटं नाव टाकायचं नव्हतं. शकुंतला तुळसकर मीच आहे. डिग्रीवर तेच आहे." मग माझ्याकडे वळली. "काका, तुमच्यावर नाव येईल हे मला ठाऊक नव्हतं हो. तुमच्या वडिलांचं नाव मला कुठून माहीत असणार? काल जयंतीकडून कळलं. सांगायला दोनदा केबिनपर्यंत आले. धीर झाला नाही."

मला राग आला. दोन रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता आणि हिला धीर झाला नव्हता. तेच मी बोललोही. "पोरी, माझी नोकरी जात होती," म्हटलं. ती रडायला लागली. मग मला त्या रागाचंही काही करता येईना.

साहेबांनी टाय सैल केला. "परवानगी न घेता तू कंपनीच्या मालाला हात लावलास. सोमवारपासून..."

"साहेब, एक मिनिट." हा चंद्रप्रकाश. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ती दोन ठिकाणं माझी आहेत. मीच लिहिलीत. त्या दिवशी दोनशेच्या वर जायचं होतं, घाईत उतरवली." त्यानं पडद्याकडे बोट केलं. "हिला काढणार असाल तर आधी मला काढा. आणि मला काढणार असाल तर मला रोज एवढ्या ओळी कोणी लिहायला लावल्या, तेपण बोला ना."

साहेबांनी पडद्यावरच्या त्या एका शब्दाकडे पाहिलं. द्या. नऊ हजार एकशे चाळिसांतून सहा हजार आठशे वजा केले की उरतं ते नुकसान, एवढंच गणित त्यांनी आजवर केलं होतं. आता उत्तर वेगळं आलं होतं, आणि मोठ्या शिकलेल्या माणसालाही ते पचायला वेळ लागतो.

"नव्या फ्लॉप्या काढा, तोरसकर," ते शेवटी म्हणाले. वहीत सही केली. "कोणी कुठं जाणार नाही. अनुपमा, अजून असं कुठं कुठं आहे ते सोमवारी मला दाखव. आठवडा लागला तरी चालेल." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "झालं ना आता? जा तुम्ही घरी."

मी जागचा हललो नाही.

"साहेब, तुम्ही चोरीचा आळ माझ्यावर घेतलात. ते ऑफिसभर झालंय. आता या सगळ्यांसमोर बोला की मी नव्हतो."

ते आधी इंग्रजीत बोलले, भराभर. मी तसाच उभा राहिलो. मग त्यांनी घसा साफ केला आणि तेच मराठीत बोलले.